चौथ्या थंडीतला मोहोर

थंडी पडली की इथे घाट जवळ येतो. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याच्या गावांत एरवी आगगाडीचा आवाज म्हणजे नुसती घरघर असते. पौषात मात्र ठाकुरवाडीच्या वळणावर गाडीला मागून रेटणारी इंजिनं कुठे दम खातात, तेही अंगणात बसून सांगता येतं. हवा जड होऊन दरीत बसते. चुलींचा, पाचोळ्याचा, बांधावर पेटवलेल्या गवताचा धूर वर जात नाही. तो घरांच्या कौलांखाली आडवा पसरतो आणि सूर्य डोंगरावर येईपर्यंत तिथेच राहतो. सुट्टीला आलेल्या लोकांना ते धुकं वाटतं. ते त्याचे फोटो काढतात.

यंदा थंडी उशिरा आली. इतकी उशिरा, की येणारच नाही असं गावात बोललं जाऊ लागलं होतं. मग एका सकाळी विहिरीच्या कठड्यावर हात टेकवेना, आणि बागेची कामं दिसायला लागली.

थंडीच्या मध्यावर बागेत करायची कामं बहुतेक काढून टाकण्याची असतात. मोगऱ्याचं पाणी तोडायचं, त्याची पानं ओरबाडायची आणि नुसत्या काटक्या उरतील असा छाटायचा, तरच तो उन्हाळ्यात फुलतो. केळीच्या बुंध्याशी आलेली पिल्लं कापायची, त्यातलं एकच ठेवायचं. हळदीची पानं पिवळी पडून लोळली की गड्डे उकरून काढायचे. दोडक्याचा वाळून खडखडीत झालेला मांडव उतरवायचा. बियांसाठी ठेवलेली दोन-चार फळं त्यावर खुळखुळत असतात, ती आधी तोडून घ्यायची. झाडांची आळी उकरायची, त्यांत पेंढा अंथरायचा. आणि आंब्याचं कलम लहान असेल, तर त्याला आलेला मोहोर खुडून टाकायचा.

यातल्या शेवटच्या कामाबद्दल लिहायचं आहे.

अण्णा, माझे थोरले भाऊ, खोपोलीत एका कारखान्यात कामाला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लग्न केलं नाही; का, हे घरात कधी चर्चेला आलं नाही. राहायला दोन खणांची खोली, बाहेर पाऊलभर गॅलरी. त्या गॅलरीत तेलाच्या डब्यांत मिरची, पुदिना, एक कडू निघालेलं लिंबू. मी मुंबईहून गेलो की ते आधी डबे दाखवत, मग पाणी विचारत. डब्यात आंबा लावता येत नाही, एवढी एकच तक्रार त्यांच्या तोंडून मी ऐकली आहे. “बाजारचा खातोच की,” ते म्हणत. “पण तो कुणाच्या तरी झाडाचा असतो.”

निवृत्तीच्या आसपास त्यांना दम लागू लागला. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. कशाने, ते त्यांनी सांगितलं नाही आणि अण्णांनी विचारलं नाही. चांगल्या हवेत राहा, एवढंच सांगितलं. म्हणून अण्णांनी कोंडाण्याच्या रस्त्याला एक लहानसा तुकडा घेतला, दोन खोल्या बांधल्या आणि चांगल्या हवेत राहायला गेले. पहिल्या पावसाळ्यात त्यांचं वजन वाढलं. पहिल्या थंडीत त्यांना कळलं, की इथे पौषात सगळी दरी पेटवलेली असते.

आंब्याचं कलम त्यांनी रशीदभाईंकडून आणलं. रशीदभाईंची रोपवाटिका खालापूरहून कर्जतला येताना रस्त्यालाच आहे. त्यांचे आजोबा रोह्याच्या खाडीकडून इकडे आले, सुकी मासळी विकायला. रोपांचा धंदा वडिलांनी सुरू केला. दर शनिवारी-रविवारी त्यांच्या दारात मुंबईच्या गाड्या लागतात. लोकांना पिशवीतच मोहोर आलेलं कलम हवं असतं. तसली कलमं ते रस्त्याच्या बाजूला मांडून ठेवतात.

“त्यातलंच एक द्या की,” अण्णा म्हणाले होते.

“ते गिऱ्हाइकाला. तुमाला झाड लावायचंय का फोटो काढायचाय?” रशीदभाईंनी मागच्या रांगेतून एक काळपट पानांचं, मुकं कलम उचललं. “ह्ये केसर. पयल्या चार थंड्या मोहर दिसला का खुडायचा. दया करायची नाय. त्याला आधी हाडं धरू द्या. पाचव्या थंडीला ठेवा, मंग आंबे मोजत बसा.”

पहिल्या थंडीला ते कलम गुडघ्याएवढं होतं आणि त्याला तीन तुरे आले. खुडायचं काम हिराबाईकडे आलं. हिराबाई वरच्या ठाकरांच्या वाडीवरची. आठवड्यातून दोनदा बागेत यायची. उरलेले दिवस कधी रानातली पानं आणून विकायचे, कधी फार्महाऊसच्या लॉनवरचं गवत उपटायचे. तिने नाही म्हटलं.

“फुललेलं खुडू? मला नाय जमायचं.”

अण्णांनी तिला जवळ बोलावलं आणि दाखवलं. तुरा कुठे धरायचा, बुडाशी थोडासा दांडा ठेवून कसा मोडायचा, ओढायचा कसा नाही. तिने तिन्ही तुरे मोडले, ओटीत घेतले आणि वास घेत म्हणाली, “तुमाला बायकापोरं नाय ना अण्णा, म्हनून काळीज येवडं कठोर.”

“तुला पाच आहेत म्हणून जीभ एवढी लांब.”

“पाच नाय, सा हायत. एक नवरा.”

दुसऱ्या थंडीला तिने न कुरकुरता काम केलं. तिसऱ्या थंडीला ती शेजारच्या बागेतल्या माळ्याला ते शिकवत होती आणि तो ऐकत नाही म्हणून त्याला बोलत होती. “येडा हाय तू. पोरीचं लगीन धाव्या वर्सी करतोस काय? तसंच हाय ह्ये.” अण्णा खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांना तिची उपमा आवडली असावी. ती त्यांनी मला फोनवर पुन्हा सांगितली.

खुडण्याच्या कामात पुढचं वर्ष गृहीत धरलेलं असतं. मोगरा छाटणारा माणूस वैशाखात तिथे असणार, केळीचं एक पिल्लू ठेवणारा माणूस पुढचा घड उतरवणार, हे कुणी बोलत नाही. विळा चालवतानाच ते ठरलेलं असतं. म्हणून ही कामं निर्दय वाटत नाहीत. ज्याला पुढचं वर्ष नाही त्याच्यासाठी यातलं कुठलंच काम सोपं नाही. पण बाग त्याला वेगळी यादी देत नाही.

चौथ्या थंडीत मी तिथे राहायला होतो, कारण अण्णांना एकटं ठेवता येत नव्हतं. ऑक्सिजनचं मशीन आलं होतं. ते दिवसभर घरघरायचं. दूर घाटातली इंजिनं आणि जवळ हे, असे दोन आवाज घरात असत. नाकाला लावलेली नळी पलंगापासून मोरीपर्यंत पुरायची, अंगणापर्यंत नाही. पलंग खिडकीपाशी सरकवला होता. खिडकीतून कलम समोर दिसायचं. ते आता माणसाच्या खांद्याच्या वर गेलं होतं, आणि पौषाच्या सुरुवातीलाच त्याच्या जवळजवळ प्रत्येक टोकाला मोहोर फुटला होता. तांबूस, ताठ, मेणबत्त्यांसारखा.

अण्णांना बोलण्याने खोकला यायचा. खोकला आला की ओठ निळे पडायचे. हिराबाईने हे दोन-तीनदा पाहिलं आणि स्वतःपुरता एक नियम केला. पूर्वी ती दर कामाला खिडकीशी येऊन विचारायची, “अण्णा, ह्ये काडू? अण्णा, त्ये ठेवू?” ते तिने बंद केलं. मोरीपाशी भांडी विसळताना मला म्हणाली, “इचारलं का बोलतात, बोलले का खोकतात. मंग इचारायचंच नाय. मला काय म्हाईत नाय काय आता? चार वर्सं करतेय.” आणि खरंच, त्या थंडीत मोगरा वेळेवर छाटला गेला, हळद निघाली, केळीची पिल्लं गेली, आळ्यांत पेंढा पडला. एकाही कामासाठी अण्णांना तोंड उघडावं लागलं नाही. ते खिडकीतून बघत आणि मान हलवत. मला ती व्यवस्था चांगली वाटली होती.

एके दिवशी रशीदभाई शेणखताची गोणी घेऊन आले. गोणी ओट्यावर टाकून आत आले, पलंगाच्या कडेला बसले. इकडचं तिकडचं झालं. मग अण्णा म्हणाले, “रशीदभाई, एक साल आधी ठेवला मोहोर, तर झाड मरतं काय हो?”

रशीदभाईंनी आधी झाडाकडे पाहिलं, मग मशीनकडे.

“मरत नाय,” ते म्हणाले. “मार खातं. पुढं एकाद साल रुसतं.”

“रुसू दे.”

“सगळा ठेवू नका. चार-पाच तुरे ठेवा, बाकी खुडा. नि ढग आले का धूर द्या बुडाशी, नायतर तुडतुडे बसतील, सगळा काळा करतील. औषध मारू नका. ते तुमच्याच नाकात जाईल.”

“आणि धूर नाही जाणार?”

“तो पन जाईल. खिडकी लावून घ्या नि काचेतनं बघा. शिनेमाला जाता तसं.”

दोघे हसले. अण्णांचं हसू खोकल्यात गेलं आणि रशीदभाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. जाताना फाटकाशी मला म्हणाले, “चार वर्सं मीच सांगितलंवतं. माझ्याच तोंडानं आता ठेवू नका कसं म्हनू?”

अण्णांनी कधी निरवानिरवीचं बोलणं केलं नव्हतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं, ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पण नियमाचा माणूस एक वर्ष आधी मोहोर राखायला निघाला, तेव्हा वेगळं काही सांगायची गरज उरली नाही. त्यांना त्या झाडाचा एक आंबा खायचा होता, आणि पाचव्या थंडीवर त्यांनी काट मारली होती.

त्यांच्या सांगण्यावरून मी धुराचं सामान जमवलं. गोवऱ्या, भाताचा तूस, ओलसर पेंढा आणि वर कडुनिंबाचा पाला. झाडापासून थोडी लांब, घराच्या भिंतीला लागून त्याची रास केली. कुठले तुरे ठेवायचे ते अण्णांनी खिडकीतून बोटाने दाखवून ठरवलं. हिराबाई गुरुवारी येणार होती. तिला तेव्हा सांगायचं ठरलं, कारण खुडायचा हात तिचाच होता.

ती बुधवारी आली. गुरुवारी वाडीवर पोपटी होती, म्हणजे मडक्यात घालून शेंगा भाजायचा बेत. वालाच्या शेंगा भरल्या होत्या, पोरं रानातून भांबुर्ड्याचा पाला आणायला गेली होती, आणि तिला दुसऱ्या दिवशी मोकळं राहायचं होतं. मी सकाळीच, अण्णांना दोनेक तासांपुरतं एकटं ठेवून, मशीनची गाळणी आणि औषधं आणायला कर्जतला गेलो होतो. अण्णांची रात्र वाईट गेली होती, आणि उजाडल्यावर त्यांना डोळा लागला होता. हिराबाई फाटकाची कडी न वाजवता आत आली. खिडकीतून तिने बघितलं, माणूस झोपलेला आहे. तिने चपला काढून हातात घेतल्या. चौथ्या थंडीचं एकच काम राहिलं होतं, ते तिने केलं.

मी परत आलो तेव्हा अण्णा उशीला टेकून बसले होते आणि बाहेर बघत होते. समोर कलम होतं, हिरवंगार, नीट, एकसारखं. प्रत्येक टोकाला थोडासा दांडा ठेवलेला. खुडलेला मोहोर तिने आळ्यात पेंढ्यावर पसरला होता. खोलीत त्याचा वास येत होता. हिराबाई पदराला हात पुशीत खिडकीशी उभी होती.

“मोहर काडला, अण्णा. तुमाला उटवलं नाय मी. उद्या पोपटी हाय, म्हनून आजच आले.”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं.

“बरं केलंस,” ते म्हणाले.

“ही रास कशाची?”

“तुझ्या पोपटीला. घेऊन जा.”

तिने पाटी भरली. गोवऱ्या खाली, त्यावर पेंढा आणि कडुनिंबाचा पाला. फाटकापर्यंत गेली आणि तिथे थांबली. तिच्या पाठीवरूनच कळलं की तिला काहीतरी खटकलं आहे. पोपटीचं मडकं पेंढ्यावर, काटक्यांवर भाजतात. त्यात कडुनिंब कुणी घालत नाही, वाल कडू होतात. कडुनिंब घातलेली रास इथे एकाच कामाला लावतात. ती परत आली, पाटी ओट्यावर उतरवली.

“अण्णा, ह्ये धुराचं हाय.”

“होतं.”

“मोहर ठेवायचा व्हता?”

अण्णांनी नाकाची नळी नीट केली.

“मंग सांगायचं व्हतं ना मला.” तिचा आवाज चढला. “येवडं बोलता सगल्यांशी, मला येक शबुद सांगाया काय झालंवतं?”

“उद्या सांगणार होतो.” मग थोडा श्वास जमवून ते म्हणाले, “तुला तरी काय बोलू गं. चार वर्षं मीच शिकवलं. छान काढलायस. एक दांडा चुकला नाही.”

ती खाली बसली. आळ्यातला एक तुरा उचलून तिने झाडाच्या टोकाशी नेऊन धरला, जिथून तो मोडला होता तिथे. अण्णा आतून म्हणाले, “चिकटतो का?” तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

वर्तमानपत्रातल्या बातमीत क्रम ठरलेला असतो. काय झालं, कुठे, कुणाला, आणि शेवटी का. जागा कमी पडली की शेवटची ओळ कापतात, आणि बातमी तरीही पूर्ण वाटते. इथे ती ओळ कापली नाही तरी हाती काही लागत नाही. तिने विचारलं नाही, कारण तिला त्यांचा श्वास वाचवायचा होता. त्यांनी सांगितलं नाही, कारण सांगायचा दिवस उद्याचा होता. यात दोष धरावा असं मला कुठे काही सापडत नाही. दोष सापडला असता तर बरं झालं असतं.

कुंपणाच्या बाजूला, खालच्या फांदीवर, पानांच्या आत एक तुरा राहिला होता. हिराबाईला तो दुसऱ्या दिवशी सापडला. पोपटी सोडून ती आली होती. तिने झाड पान न् पान उलटून बघितलं, आणि सापडल्यावर ओरडली नाही, नुसती खिडकीशी येऊन एक बोट वर करून दाखवलं. त्यानंतरचे काही दिवस त्या घरात आम्ही तिघे एका तुऱ्याभोवती राहत होतो. तो अण्णांना पलंगावरून दिसत नव्हता, म्हणून हिराबाई खिडकीशी येऊन बातमी द्यायची. फुललाय. मुंग्या हायत, चांगलं हाय. कणी धरली वाटतं. अण्णा मान हलवायचे. कधी विचारायचे, “केवढी?” आणि ती अंगठ्याच्या नखावर दाखवायची.

मग ढग आले. पौषातले कोरडे ढग. पाऊस पाडत नाहीत, नुसते झाकून ठेवतात. पानांवर चिकटा दिसायला लागला, फांदी हलवली की तुडतुडे उडायचे.

“धूर घाल,” अण्णा म्हणाले.

“नाय.”

“हिराबाई.”

“येका तुऱ्यासाटी तुमची छाती जाळू? मला नाय जमायचं.” पहिल्या थंडीला ती हेच वाक्य बोलली होती. “मी हातानं पुसते येक येक.”

तिने तसं केलं. कडुनिंबाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने तिने तो तुरा पुसला, जसं तापातल्या पोराचं अंग पुसतात. दुसऱ्या दिवशी कणीतले निम्मे दाणे आळ्यात पडलेले होते. अण्णांनी ते मला गोळा करून आणायला सांगितले. तळहातावर घेऊन बघितले. मोहरीपेक्षा थोडे मोठे.

“मी इथे काही वाचवून ठेवत नाहीये,” ते म्हणाले. “घाल धूर.”

या वाक्यावर वाद झाला नाही. दुपार कलली तेव्हा हिराबाईने रास घरापासून लांब, झाडाच्या पलीकडच्या बाजूला, वाऱ्याचा अंदाज घेऊन लावली. गोवरी धरली, तुसाने धुमसायला सुरुवात केली, वर ओला पेंढा आणि पाला. पांढरा, जाड, कडवट वासाचा धूर झाडाच्या बुंध्यातून वर चढला, फांद्यांमध्ये घुटमळला. काही वेळ सगळं बरोबर होत होतं. अण्णा काचेशी बसून बघत होते. खिडकीचं एक दार मात्र हवेसाठी उघडं होतं. मशीन लावूनही त्यांना बंद खोलीत कोंडल्यासारखं व्हायचं.

वारा फिरला. इथे संध्याकाळी घाटावरून थंड हवा खाली उतरते आणि वारा फिरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या दिवशी तो लवकर उतरला एवढंच. धूर आडवा झाला आणि घरावर आला. हिराबाई हातातली काठी टाकून धावली. ते दार बाहेरून लागत नाही, त्याला कडी आतून आहे. तिने ते ओढून घेतलं आणि दोन्ही तळहातांनी दाबून धरलं. मी आतून कडी लावायला गेलो, पण अण्णांना सांभाळायचं की कडी लावायची हे ठरवेपर्यंत धूर आत आलेला होता. ते खोकत होते. खोकता खोकता एक हात हलवत होते. मला वाटलं हवा मागतायत. ते विझवू नका म्हणत होते.

काचेच्या बाहेर तिचे दोन तळहात दिसत होते, काळे, चपटे झालेले. ती धूर जाईपर्यंत हलली नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांना खोपोलीला दवाखान्यात नेलं. धुराने त्यात किती भर घातली, या प्रश्नाला डॉक्टर म्हणाले की सांगता येत नाही; हे असंही होणारच होतं. दवाखान्यात हिराबाई दोनदा आली, टेंपोला हात करून. दोन्ही वेळा तिने अंगठा आणि बोट यांच्यातलं अंतर दाखवून कैरीची बातमी दिली. एकच धरली होती. पहिल्यांदा वाटाण्याएवढी, दुसऱ्यांदा सुपारीएवढी. दुसऱ्यांदा अण्णांना ते बोटांतलं अंतर दिसलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांचे डोळे उघडे होते. माघ संपायच्या आत ते गेले.

कैरी फाल्गुनातल्या वाऱ्याने पडली. हिराबाईने ती आणून पलंगाशेजारच्या खिडकीत ठेवली. मीठ लावून खाण्याएवढी ती झालेली नव्हती. तिथेच सुकली.

त्यानंतरची थंडी, म्हणजे पाचवी, मोहोर ठेवायची होती. त्या थंडीला झाडाला मोहोर आलाच नाही. सगळ्या टोकांना तांबडी पालवी फुटली. रशीदभाई येऊन बघून गेले आणि म्हणाले, रुसलंय. एका तुऱ्यासाठी झाड रुसत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्या साली गावात कुठेच मोहोर धड नव्हता. पण त्यांनी तो शब्द वापरला आणि मी तो खोडला नाही.

ही सहावी. मी इथेच राहतो. मोठं कारण काही नाही. कुणाला तरी पाणी घालावं लागतं. हिराबाई अजून आठवड्यातून दोनदा येते. आता ती प्रत्येक गोष्ट विचारून करते. केळीचं पिल्लू कापू का, भाऊ. हळद काडू का. दोडक्याचा वेल कधीच मेला आहे, त्याचा मांडवही तिने विचारल्याशिवाय उतरवला नाही. गेल्या वर्षी मोगरा छाटायचा राहून गेला, कारण ती विचारायला आली तेव्हा मी मुंबईला गेलो होतो. उन्हाळ्यात त्याला फुलं आली नाहीत. मी तिला सांगितलं, “हिराबाई, तुला सगळं माहीत आहे, तू करून टाकत जा.” ती म्हणाली, “नाय. तुमी सांगा.” एवढंच. पूर्वी ती शेजारच्या माळ्याला बोलायची, आता त्यालाही बोलत नाही. त्याने त्याच्या कलमाचा मोहोर दुसऱ्याच वर्षी ठेवला. तिने कुंपणावरून बघितलं आणि मान फिरवली.

यंदा अण्णांच्या कलमाला मोहोर आला आहे. बाजूच्या, खालच्या, आतल्या, सगळ्या फांद्यांना. त्यातला एकही खुडायचा नाही. झाड सहा थंड्यांचं आहे, त्याची हाडं धरली आहेत. रशीदभाईंच्या हिशेबाने आता आंबे मोजायला हरकत नाही. नियमाप्रमाणे सगळं झालं आहे, आणि हा आंबा ज्याला खायचा होता त्याच्या नियमाप्रमाणेच झालं आहे.

काल ढग आले. हिराबाईने खिडकीपाशी येऊन विचारलं, “धूर घालू का, भाऊ?” मी हो म्हटलं. तिने रास केली, त्याच जागी, झाडाच्या पलीकडच्या बाजूला. गोवऱ्या, तूस, पेंढा, कडुनिंब. दुपार कलली होती. मी अंगणात होतो. धूर बुंध्यातून सरळ वर चढला, सगळ्या मोहोरातून फिरला आणि थोडा वेळ झाड त्यात दिसेनासं झालं. घाटातून इंजिनाचा आवाज आला.

मग वारा उतरला. धूर आडवा झाला आणि घराकडे वळला.

खिडकीचं ते दार उघडंच असतं. आत पलंग आहे, गादी काढलेली. मशीन केव्हाच परत गेलं. हिराबाई हातातली काठी टाकून धावली. मी काही बोलायच्या आत तिने दार ओढून घेतलं होतं आणि दोन्ही तळहात काचेवर दाबून ती उभी होती, तोंड फिरवून, डोळे मिटून, धुरात. मला तिला हाक मारता आली असती. खोलीत कुणी नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. सगळा धूर घरावरून जाईपर्यंत तिने ते दार तसंच दाबून धरलं.